डुकराचे हृदय, माणसाची नमाज

फेब्रुवारी २०२२ मधली गोष्ट. कोरोनाच्या तिसऱ्या लाटेमुळे बंद पडलेल्या शाळा नुकत्याच पुन्हा सुरू झाल्या होत्या. सातवीच्या वर्गात मी 'दौरान-ए-खून' शिकवीत होते. फळ्यावर हृदयाचे चार कप्पे काढले, लाल आणि निळ्या खडूने बाण दाखवले आणि वळते तोच मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला.

"टीचर, सूअर का दिल बिठाए तो नमाज होती क्या?"

सगळा वर्ग हसला. दोन मुलींनी ओढणी तोंडाशी धरली. कोणीतरी "तौबा, तौबा" म्हणाले. मुलगा मात्र हसत नव्हता. त्याने मोठ्या भावाच्या मोबाईलवर ती बातमी पाहिली होती आणि रात्रभर त्याच्या डोक्यात हा प्रश्न घोळत असावा. मी काय केले? "ये सिलेबस में नहीं है, बैठो," म्हणाले. तो बसला. मुलाचा प्रश्न दाबू नये, हे बी.एड.ला आम्ही परीक्षेत पानेच्या पाने लिहिले होते. वर्गात मात्र तोंडात तेच आले, जे आमच्या घरात, आमच्या मोहल्ल्यात अशा प्रत्येक प्रश्नाला येते.

बातमी खरी होती. ७ जानेवारी २०२२ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात, मेरीलँड विद्यापीठाच्या रुग्णालयात, ५७ वर्षांच्या एका माणसाच्या छातीत डुकराचे हृदय बसवण्यात आले. शस्त्रक्रिया डॉ. बार्टली ग्रिफिथ यांनी केली. पण त्या शस्त्रक्रियेच्या मागे जे संशोधन होते, त्याची धुरा वाहणारे प्राध्यापक होते डॉ. मुहम्मद मोहिउद्दीन. कराचीचे, डाऊ मेडिकल कॉलेजात शिकलेले. म्हणजे ज्या प्राण्याचे नावदेखील आपल्याकडे घरात घेत नाहीत, शिवी द्यायची असेल तरच घेतात, त्या प्राण्याच्या हृदयावर एका मुसलमान शल्यविशारदाने आपल्या आयुष्याची सुमारे तीस वर्षे खर्च केली होती. मला त्या माणसाविषयी कुतूहल वाटू लागले ते इथून. त्यांनी मुलाखतींमधून सांगितले आहे की हा प्रश्न त्यांना परक्यांनी नव्हे, आधी घरच्यांनीच विचारला: हाच प्राणी का? दुसरा एखादा नाही का चालणार? त्यांनी निरनिराळ्या धर्मांच्या जाणकारांशी बोलून आपले समाधान करून घेतले.

'हाच प्राणी का' याचे शास्त्रीय उत्तर साधे आहे. डुकराचे हृदय आकाराने माणसाच्या हृदयाला जुळते. डुक्कर लवकर वाढते, एका वेतात अनेक पिल्ले देते. माकडाच्या जातीतले प्राणी आपल्याला जवळचे खरे, पण त्यांचे अवयव लहान, त्यांची पैदास सावकाश आणि त्यांचे रोग आपल्याला लागण्याचा धोकाही अधिक. आणि माणसाचा अवयव मिळावा तर तो मिळत नाही. अमेरिकेसारख्या देशात अवयवासाठी रांगेत उभ्या असलेल्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. रांगेतले कितीतरी नंबर येण्यापूर्वीच मरतात.

अडचण अशी की डुकराच्या पेशींवर एक विशिष्ट शर्करा असते. माणसाच्या रक्तात तिच्याविरुद्धची प्रतिद्रव्ये जन्मानंतर लवकरच तयार होतात. डुकराचा अवयव जसाच्या तसा माणसात बसवला तर काही मिनिटांत किंवा तासांत तो काळा पडून निकामी होतो. शरीर स्वतःच फतवा देते म्हणा ना! म्हणून आधी डुक्कर बदलावे लागले. बाल्टिमोरच्या रुग्णासाठी वापरलेल्या डुकरात दहा जनुकीय बदल होते. तीन जनुके त्या परक्या शर्करांची होती, ती बंद केली होती. हृदय छातीच्या मापाबाहेर वाढू नये म्हणून वाढीचे एक जनुक बंद केले होते. आणि माणसाची सहा जनुके आत घातली होती.

त्याआधीची वर्षे मात्र बातमीत नव्हती. डॉ. मोहिउद्दीन अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत होते, तेव्हा त्यांच्या गटाने डुकराचे हृदय बबून जातीच्या माकडांच्या पोटात बसवले. छातीतले मूळ हृदय आपले काम करीतच होते, पोटातले पाहुणे हृदय किती दिवस टिकते एवढेच पाहायचे होते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात सर्वांत जास्त टिकलेले हृदय ९४५ दिवसांचे होते. अडीच वर्षांहून जास्त. पण पोटात नुसते धडधडणे वेगळे आणि छातीत बसून सगळ्या देहाचा भार उचलणे वेगळे. २०१८ मध्ये जर्मनीतील म्युनिकच्या गटाने छातीत बसवलेल्या हृदयावर बबून १९५ दिवस जगवले, तेव्हा ती पायरी चढली गेली. आपल्याला शेवटची बातमी कळते. तिच्याआधी बंद खोल्यांमध्ये किती माकडे, किती डुकरे मेली आणि किती माणसांचे तारुण्य सरले, हे कोणी छापत नाही.

तो रुग्ण दोन महिने जगला. ८ मार्च २०२२ रोजी वारला. नंतर आढळले की त्या हृदयात डुकरांमधला एक विषाणू लपलेला होता. डुकराच्या नाकातल्या स्रावाची तपासणी झाली होती, पण त्यात तो सापडला नव्हता. सप्टेंबर २०२३ मध्ये दुसऱ्या रुग्णावर हीच शस्त्रक्रिया झाली. तो सुमारे सहा आठवडे जगला.

आता ही झाली परदेशची हकीकत. त्या मुलाचा प्रश्न मला इतका का टोचला, हे सांगायचे तर आपाविषयी लिहायला हवे. तिची परवानगी घेऊनच लिहीत आहे.

आपा माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. लहानपणी तिचा घसा वारंवार दुखायचा, ताप यायचा, सांधे सुजायचे. गल्लीतल्या डॉक्टरच्या गोळ्यांनी बरे वाटायचे. घशाच्या अशा दुर्लक्षित आजारातून हृदयाची झडप खराब होते, हे आम्हाला कोण सांगणार? गरिबांच्या वस्त्यांमधला हा जुनाच रोग आहे. लग्नानंतर वर्षभरात जिना चढताना तिला धाप लागू लागली. २०११ मध्ये पुण्याच्या एका रुग्णालयात सांगितले की झडप बदलावी लागेल. मी तेव्हा बी.एड. करीत होते.

डॉक्टरांनी दोन प्रकार सांगितले. एक धातूची झडप. ती आयुष्यभर टिकते, पण रक्त पातळ ठेवण्याची गोळी रोज, मरेपर्यंत घ्यावी लागते आणि ती गोळी गर्भाला घातक ठरू शकते. दुसरी प्राण्याच्या ऊतीपासून केलेली. तिला ती गोळी कायमची लागत नाही, पण दहा-पंधरा वर्षांत, तरुण माणसात त्याहूनही लवकर, ती झिजते आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. "मुलं हवी असतील तर दुसरी बरी," डॉक्टर म्हणाले. बडे अब्बांनी विचारले, "कौन से जानवर की?" डॉक्टर म्हणाले, "डुकराची असते."

झाले. तिथेच निर्णय झाला. बडे अब्बा उठले, अब्बा उठले, आपाचे सासरे उठले. दुल्हाभाई खाली मान घालून बसले होते, तेही उठले. चार पुरुषांनी कॉरिडॉरमध्ये उभे राहून पाच मिनिटांत ठरवले की लोखंडी बसवायची. आपा आत पलंगावर होती. तिला अम्मीने येऊन सांगितले, "लोहे का बिठा रहे, बेटा." मी कॉरिडॉरमध्येच होते. घरातली सगळ्यात जास्त शिकलेली म्हणून माझ्याकडे एकदा सर्वांनी पाहिलेही. मी काही बोलले नाही.

धातूची झडप बसवणे वैद्यकीयदृष्ट्या चूकच होते, असे मी म्हणत नाही. तरुण रुग्णात पुष्कळदा तीच निवडतात. पुन्हा छाती उघडायची वेळ येऊ नये, हा विचारही महत्त्वाचा आहे. पण आम्ही तो विचार केलाच नव्हता. आम्ही एक शब्द ऐकला आणि पळालो. प्राण्याची झडप गाईबैलांच्या हृदयाभोवतीच्या पडद्यापासूनही बनवतात, ही गोष्ट मला कितीतरी वर्षांनी वाचनात आली. त्या दिवशी डॉक्टरांनी ती सांगितली नाही, आम्ही विचारली नाही. (माझ्या एका हिंदू सहकारी बाईंना हे सांगितले तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "म्हणजे आमच्या घरी याच्या उलट भांडण झालं असतं!")

शस्त्रक्रिया चांगली झाली. रात्री सगळे निजले की आपाच्या छातीतून घड्याळासारखी टिकटिक ऐकू यायची. पुढे २०१३ मध्ये तिला दिवस राहिले. गोळी बंद करून रक्त पातळ ठेवण्याची इंजेक्शने सुरू केली, दिवसातून दोन वेळा, पोटात. पाचव्या महिन्यात मूल गेले. त्यानंतर डॉक्टरांनी पुन्हा धोका पत्करू नका म्हणून सांगितले.

ती इंजेक्शने हेपरिन या औषधाच्या जातीची होती. जगातले बहुतेक हेपरिन डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढतात. डुक्कर नको म्हणून जी झडप आम्ही घेतली, तिला सांभाळण्यासाठी आम्ही रोज दोन वेळा पदरचे पैसे मोजून बहुधा डुक्करच तिच्या देहात टोचत होतो. हे मी जेव्हा वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. अब्बांना सांगितले नाही. ते आता नाहीत. बडे अब्बांना आजही सांगवत नाही.

त्या मुलाच्या प्रश्नानंतर मी हिय्या करून आमच्या मशिदीच्या इमामसाहेबांकडे गेले. मला वाटले होते, ते रागावतील. त्यांनी चहा मागवला आणि कपाटातून जाडजूड किताब काढली. फतावा आलमगीरी. त्यांनी मला दाखवले की हाडाने उपचार करण्याचा प्रश्न तिथे चर्चिलेला आहे. बकरी, गाय, उंट, घोडा यांच्या हाडाने उपचार करायला हरकत नाही, अपवाद फक्त दोन: डुकराचे आणि माणसाचे. मी चकित झाले. दोन्ही एकाच ओळीत! एक अपवित्र म्हणून नको आणि दुसरे इतके सन्मानाचे की त्याचा वापर करणे शोभत नाही म्हणून नको. इमामसाहेब म्हणाले, "और देखो, आज इन्सान का गुर्दा इन्सान को लगता है." १९८८ च्या फेब्रुवारीत जेद्दाहला इस्लामी देशांच्या फिकह अकादमीने माणसाच्या अवयवांचे रोपण अटींसह जायज ठरवले, विक्रीला मात्र सक्त मनाई केली. आपल्याकडे अजूनही सर्व उलेमांचे यावर एकमत नाही, मृत्यूनंतरच्या दानाविषयी तर नाहीच. पण त्या ओळीतला एक अपवाद निदान वाटाघाटीत आला आहे.

तेराव्या शतकातल्या इमाम नववींचे म्हणणेही त्यांनी सांगितले. आपल्या कोकणातील मुसलमान बहुतांशी शाफई, त्यांना हे नाव घरचे वाटेल. तुटलेले हाड जोडायला पाक हाड मिळाले नाही आणि नापाक हाड बसवले, तर तो माणूस माफ आहे, त्याच्या नमाजीला बाध नाही. पाक हाड मिळत असताना नापाक बसवले तर ते काढावे, पण काढताना जिवाला किंवा अवयवाला धोका असेल तर काढू नये. म्हणजे माझ्या वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलाने जो प्रश्न विचारला तो साडेसातशे वर्षांपूर्वी एका मोठ्या इमामाने गंभीरपणे हातात घेतला होता आणि मी, सरकारमान्य प्रशिक्षित शिक्षिका, त्याला 'बैठो' म्हणाले होते.

"फिर उस वक्त आप लोगों ने पूछा क्यों नहीं?" इमामसाहेबांनी विचारले. "मजबूरी का मसला था. जान का, औलाद का. और गाय का मिलता था तो झगड़ा ही क्या था?" माझ्याकडे उत्तर नव्हते. आम्ही धर्माचे नाव घेतले पण धर्माला विचारले नाही. विज्ञानाचे नाव घेऊन दवाखान्यात गेलो पण विज्ञानालाही विचारले नाही. आणि आपाला तर नाहीच नाही.

इथे कोणी म्हणेल, मजबुरी म्हटले की सगळेच जायज होते का? हा आक्षेप मला खरोखर वजनदार वाटतो. मजबुरी हा शब्द रबरासारखा आहे. मरणाऱ्या माणसाची मजबुरी आणि नाव कमावू पाहणाऱ्या डॉक्टरची घाई, या दोन गोष्टी शस्त्रक्रियेच्या टेबलावर शेजारी शेजारी असतात आणि बाहेरून ओळखू येत नाहीत. बाल्टिमोरच्या पंचवीस वर्षे आधी आपल्याच देशात हे घडले आहे. १ जानेवारी १९९७ रोजी आसाममध्ये, गुवाहाटीजवळच्या सोनापूरला, डॉ. धनीराम बरुआ यांनी ३२ वर्षांच्या एका तरुणाला डुकराचे हृदय आणि फुप्फुसे बसवली. सोबत हाँगकाँगचे एक शल्यविशारद होते. तरुण सात दिवसांनी मरण पावला. दोन्ही डॉक्टरांना १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली अटक झाली, चाळीस दिवस ते तुरुंगात होते. लोकांनी त्यांच्या संस्थेची नासधूस केली. २०२२ ची बातमी आली तेव्हा काहींनी लिहिले की बघा, आमच्या माणसाने हे आधीच करून दाखवले होते.

मला तसे वाटत नाही. दोन्ही रुग्ण मेले हे खरे. पण एके ठिकाणी आधी माकडांवरचे प्रयोग, छापलेले निबंध, सरकारी संस्थेची तातडीची परवानगी आणि रुग्ण मेल्यानंतर 'विषाणू आमच्या नजरेतून सुटला' अशी जाहीर कबुली आहे. दुसरीकडे कायद्याची परवानगी नव्हती आणि शास्त्रज्ञांना तपासता येईल असे काही पुढे ठेवलेले नव्हते. नवे काही करण्याचा हक्क धाडसाने मिळत नाही, तो हिशेब उघडा ठेवल्याने मिळतो, असे माझे मत बनत चालले आहे. अर्थात, मी शाळेतली बाई. माझ्याकडे वह्या तपासण्याचेच काम असल्यामुळे मला असे वाटत असेल.

आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. ते डुक्कर. आपण त्याला हराम म्हणतो ते खाण्याच्या बाबतीत. पण अल्लाहची ती मखलूक आहेच आणि मुक्या जनावराला विनाकारण पीडा देऊ नये, हे आपल्याला मक्तबात शिकवलेले आहे. त्यात डुकराचा अपवाद केल्याचे मी ऐकलेले नाही. ज्या बबूनच्या पोटात ते हृदय ९४५ दिवस होते, ते एवढे दिवस कोणत्या पिंजऱ्यात होते, कसे होते? आम्ही मुसलमान या चर्चेत डुकराच्या नापाकीवर तासन् तास बोलतो आणि त्याच्या वेदनेवर एक शब्द बोलत नाही. मोहिउद्दीनसाहेबांच्या कामाला मी जायज म्हणते ते माणसाचा जीव वाचवण्यासाठी म्हणून. पण हे म्हणताना मला पूर्ण निश्चिंत वाटत नाही आणि वाटूही नये.

दुसऱ्या आठवड्यात मी सातवीच्या वर्गात त्या मुलाला उभे केले आणि त्याचा प्रश्न फळ्यावर लिहिला. इमामसाहेबांनी सांगितलेले सांगितले. हेडमास्तरांकडे एका पालकाची तक्रार आली, पण तो वेगळा विषय आहे. मुलाने लगेच दुसरा प्रश्न विचारला, "टीचर, जिस का दिल निकाला वो सूअर मर गया ना?" हो, म्हटले. तो गप्प बसला. यावेळी मी त्याला बसवले नव्हते.

मागच्या रमजानमध्ये आपाकडे गेले होते. ती मोहल्ल्यातल्या मुलांना कुरआन शिकवते. दुल्हाभाई भला माणूस आहे, त्याने दुसरे लग्न केले नाही. इफ्तारनंतर दोघी गच्चीवर बसलो होतो. मी तिला बाल्टिमोरची सगळी हकीकत सांगितली, झडपेचे, गाईबैलांचे, इंजेक्शनाचेही. इंजेक्शनाचे सांगताना माझा आवाज अडखळला. तिने ऐकून घेतले. टिकटिक ऐकू येत होती.

मग म्हणाली, "उस आदमी को पूछे थे क्या? दिल लगाने से पहले?"

"हो," मी म्हणाले. "सगळं समजावून सांगितलं होतं. त्याने स्वतः सही केली होती. थट्टाही केली म्हणे, की आता मी डुकरासारखा आवाज काढू लागेन का."

आपा हसली. "मुझे भी पूछते तो मैं शायद लोहे का ही बोलती," ती म्हणाली. "मालूम नहीं. पर पूछते तो."

खालून मुलांनी हाक मारली. तरावीहची वेळ झाली होती. ती गुडघ्यावर हात ठेवून सावकाश उठली आणि जिना उतरू लागली.